कागद मागणाऱ्या ताई

शालिनीताईंना मी शेवटचं पाहिलं ते एका खासगी दवाखान्याच्या खाटेवर, आणि त्या दिवसाचा माझा संताप अजून उतरलेला नाही. मी धानोऱ्यात औषधांचं दुकान चालवतो. त्यांना लिहून दिलेलं इंजेक्शन माझ्याकडे होतं, त्याच कंपनीचं, म्हणून बर्फात ठेवून घेऊन गेलो. नर्सनं पिशवीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "बाहेरचं चालत नाही, खालच्या दुकानातूनच आणा," म्हणाली आणि तसा शिक्का असलेली चिठ्ठी हातात ठेवली. ज्या बाईनं आपली सगळी वकिली याच दादागिरीशी भांडण्यात घालवली, तिच्याच उशाशी ही चिठ्ठी! मी ती चुरगाळली. ताईंनी डोळे उघडले आणि आमच्या बोलीत, ‘आहे’ला ‘शे’ म्हणत, पुटपुटल्या, "फेकू नको भाऊ... कागद शे तो." आठ दिवसांनी त्या गेल्या.

आमच्याकडे जमिनीचे वकील सगळ्यांना ठाऊक असतात, फौजदारीचेही. पण दुकानदार, दवाखाने आणि पुरवठादार मिळून आजारी माणसाची कोंडी करतात, त्याविरुद्धही कायदा आहे आणि तो लढवणारी बाई नंदुरबारात बसते, हे मला गळ्याशी येईपर्यंत माहीत नव्हतं. छापील किमतीपेक्षा स्वस्त विकतो, एवढाच माझा गुन्हा. त्यासाठी औषध विक्रेत्यांच्या आमच्या संघटनेनं माझा माल तोडला. ठोक व्यापारी फोन उचलेनात. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या, फिटच्या संपल्या, आणि रोजची गिऱ्हाइकं रिकामी पाकिटं दाखवून परत जाऊ लागली. मी ताईंचं ऑफिस गाठलं. खाली मिरचीचा व्यापार, त्यामुळे जो तो ठसकतच जिना चढायचा. मी तर वर पोचून रडायलाच लागलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"रडी लिधं ना? मंग सांग, कागद शे का?"

"संघटनावाला फोनवर सांगतस, ताई. कागद कोन देस?"

"देतीन. त्यास्ले ठराव करानी भारी हौस शे."

अगदी तसंच झालं. दुसरीकडचे लोक असला कट कानात करत असतील. आमची संघटना फाफडा-चहा घेऊन सभा भरवते, वहीत सूचक आणि अनुमोदक लिहिते, 'एकमताने मंजूर' म्हणते आणि सगळे ऐटीत सह्या ठोकतात. माझा माल तोडण्याचाही रीतसर ठराव होता! सभासद म्हणून मी जुन्या-नव्या ठरावांच्या प्रती मागितल्या, तर सचिवांनी शिक्का मारून दिल्या. वर 'पुन्हा काही लागलं तर सांगा' म्हणाले.

ताईंनी सगळी पानं वाचली आणि एका पानावर पेन्सिलनं गोल केला. नवापूरच्या डोंगरातल्या एका दुकानदाराचा माल तोडण्याचा ठराव होता तो, माझ्या दोन वर्षं आधीचा. अनुमोदक म्हणून खाली माझीच सही. मला आठवतही नव्हती. चहा घेता घेता केली असेल. ते पान लावू नका म्हणून मी हातापाया पडलो. त्या कडाडल्या, "आपलं पाप आपूनच पह्यले सांगूत. त्यास्नी सांगं ते आपली केस गयी." आणि मलाच नवापूरला पाठवलं, त्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणायला. दुकान विकून तो मजुरीला जात होता. माझं सगळं ऐकून घेतलं, आणि माझ्यासाठी म्हणून शाळेतल्या मराठीत शांतपणे म्हणाला, "तुमच्या सहीनं माझं दुकान गेलं. माझ्या सहीनं तुमचं वाचणार का?" तरीही त्यानं सही दिली. त्या दिवशी मला ताईंचा राग आला होता. आता माझाच येतो.

भुसावळला गाडी बदलून त्या दिल्लीला जात, बाजारातली अशी कोंडी तपासणाऱ्या स्पर्धा आयोगापुढे उभ्या राहत. समोर बड्या वकिलांची फौज, इकडे कापडी पिशवीत फाइल घेतलेली ही एकटी बाई. निकाल आमच्या बाजूनं लागला. संघटना अपिलात गेली आणि मग तारखा, नुसत्या तारखा! माझं दुकान अर्धं रिकामंच राहिलं. ताई मात्र प्रत्येक तारखेला हजर, आजार अंगात असतानाही. कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. वेळेवर दुखणं दाखवलं असतं तर... याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या गेल्यावर महिन्याभरानं सचिव माझ्या दुकानात आले, काखेत तीच वही. संघटनेनं ताईंचा शोकठराव केला होता. ज्यांनी त्यांना भर बाजारात 'दलाल' म्हटलं, ते आता त्यांना 'आरोग्यक्षेत्राचा दीपस्तंभ' म्हणत होते. अनुमोदक म्हणून माझं नाव आधीच लिहून ठेवलेलं. फक्त सही हवी होती.

"भाऊ, ताई ते गयी. आते कोनाकरता भांडी ऱ्हायना? मिटाडी टाक," सचिव म्हणाले आणि पेन पुढे केलं.

माझं डोकं सणकलं होतं. वही भिरकावून द्यावीशी वाटली. पण ताईंची सवय लागलेली, म्हणून शेवटपर्यंत वाचलं. श्रद्धांजलीच्या खाली, त्याच ठरावात, ओळ होती: 'वकीलसाहेबांच्या निधनाने वाद संपला असल्याने धानोरा येथील दुकानाबाबतचा पूर्वीचा ठराव सर्व सभासदांनी पाळावा.' माणूस मेल्याच्या ठरावातही यांना माझा माल तोडायचा होता... आणि निकालानंतरही तोडतोय हे स्वतःच्या हातानं लिहून मोकळे झाले होते!

"सही करत नाही," मी म्हणालो. "पण मी सभासद आहे. याची प्रत द्या."

आणि त्यांनी दिली. समोरच्या झेरॉक्सवरून आणली, सवयीनं शिक्का मारला, तारीख टाकून सही केली.

ताईंची फाइल आता माझ्या गल्ल्यामागच्या फळीवर असते. पुढची तारीख जवळ आली आहे, नवा वकील शोधतो आहे. सचिव प्रत देऊन गेले, त्या दुपारी मी फाइलची नाडी सोडली. पेन्सिलचा गोल असलेलं पान होतं, त्यावर दवाखान्यातली चुरगाळलेली चिठ्ठी होती, हातानं सपाट केलेली. त्यावर शोकठराव ठेवला आणि नाडी आवळून बांधली.

शे, ताई. कागद शे.