शून्याला हातचा नसतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — कुठल्या भावाशी का बोलत नाही, कशाला घाबरतो — पण हे नाही. आज तुम्हाला सांगतो. आणि सांगताना मला राग आलेला आहे, तो लपवत नाही. चार वर्षं झाली, तो कमी होत नाही. आधी तो दुसऱ्यांवर काढून पाहिला. पुरला नाही.

मी सरकारी शाळेत मास्तर आहे. जवळा बाजारच्या रस्त्यापासून आत, तांड्याला लागून, दोन शिक्षकांची शाळा. चौथीचा वर्ग माझ्याकडे. ज्या पोरीबद्दल सांगतोय ती आता आठवीत आहे, मोठ्या गावच्या शाळेत जाते. रस्त्यात दिसली की 'नमस्ते सर' म्हणते. मी खिशातला फोन काढून कानाला लावतो. फोन आलेला नसतो.

आमच्याकडे दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. तिथं कुणीतरी लेकरं समोर बसवून नमुन्याचा पाठ द्यायचा असतो. गणिताचं नाव निघालं की सगळे चटईकडे बघतात. मी हात वर करायचो. गणिताचा मास्तर म्हणून माझं जे नाव झालं, ते एवढ्यावरच.

त्या जानेवारीत परिषद आमच्याच शाळेत होती. मागं खुर्च्यांवर पंचवीस-तीस शिक्षक आणि केंद्रप्रमुख, पुढं माझी अठरा लेकरं, धुतलेल्या कपड्यांत. फळ्यावर मी मांडलं — तीनशे सहा गुणिले चोवीस. चार सक चोवीस, चार मांडले, हातचे दोन. मग चार गुणिले शून्य, शून्य. त्यात ते हातचे दोन मिळवायचे असतात, हे चौथीच्या लेकरालाही कळतं. मी नुसतं शून्य लिहिलं आणि पुढं गेलो. उत्तर वीसनं कमी आलं — सात हजार तीनशे चोवीस.

चूक झाली. पण ती कबूल करायला मी बसलेलो नाही. फळ्यावर चुकतो माणूस. त्यात काय?

सपना उठली. तांड्यावरची पोरगी, नऊ वर्षांची. तिचं गणित वहीत कमी आणि डोक्यात जास्त चालायचं. तिनं मांडणी केलीच नव्हती. चोवीस त्रिक बहात्तर, म्हणजे तीनशेचे बहात्तरशे. चोवीस सक एकशे चव्वेचाळीस. दोन्ही मिळून सात हजार तीनशे चव्वेचाळीस — मी फळ्यावर पोचायच्या आधी ती मनात पोचली होती. म्हणाली, "सर, हातचे दोन राहिले."

तेव्हा 'शाब्बास' म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? उलट पाठ रंगला असता. पण मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खोकलं, आणि मला वाटलं, हसलं.

मी म्हणालो, "खाली बस. शून्याला हातचा नसतो."

हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. तोंडातून निघालं आणि कानाला नियमासारखं वाटलं. शून्य म्हणजे काहीच नाही, काहीच नाही त्यात मिळवणार काय — असं वर समजावूनही सांगितलं. वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. वहीत चौकट आखून लिहायला लावलं. सतरा लेकरांनी लिहिलं. त्यातली काही अजून तसाच गुणाकार करत असतील.

जेवायला बसलो तेव्हा शेजारचा एक शिक्षक जिलेबी वाढून घेता घेता हळूच म्हणाला की शून्याचं बरं निभावलंत. म्हणजे त्याला दिसलं होतं! आणखी कितीजणांना दिसलं असेल? एकानं तोंड उघडलं नाही. केंद्रप्रमुखांनी तर पाठाचं कौतुक केलं. मला वर्षभर त्या सगळ्यांचा संताप येत राहिला. तीस पगारी माणसं, आणि बोलली कोण, तर नऊ वर्षांची पोर. पण त्यांना शिव्या देणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. ते गप्प बसले. खोटं मी बोललो.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या गेल्या होत्या. फळा माझा, खडू माझा, लेकरं माझी. काल मी चुकलो, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्याऐवजी मी पुस्तकातली मधे शून्य असलेली उदाहरणं गाळायला लागलो. तीन नंबर सोडा, सात नंबर सोडा. लेकरं खूश. सपना मात्र सोडलेली उदाहरणं घरी करून आणायची आणि वही माझ्या टेबलावर ठेवायची. सगळी बरोबर. मी त्यांवर लाल फुली मारायचो. एकदा नाही — पाच-सहा वेळा. शांतपणे, पेन उघडून.

मग तांड्यावर बोभाटा झाला की सर चुकले. किराणा दुकानात एकानं मला हसत विचारलं की पोरगी तुम्हालाच शिकवून राहिली म्हणे. माझं टाळकं फिरलं. चोर तो चोर, वर शिरजोर — मी तिच्या आईला निरोप धाडला.

ती हळदीच्या कामावरून तशीच आली. बोटं, तळवे, नखं पिवळी. आत या म्हटलं तरी दाराशीच उभी राहिली. मी सांगितलं की मुलगी उलट बोलते, शाळेचं नाव खराब करते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सपनाच्या हातातली वही घेऊन माझ्यापुढं धरली. म्हणाली, "मला यातलं कळत न्हाई, सर. पन ती म्हनती माझं बराबर हाय. तुमी एकडाव बगा."

किती सोपं करून दिलं होतं त्या बाईनं. नुसतं बघायचं होतं. मी बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, चूक आहे.

"मंग चुकलंच असंल," ती म्हणाली. "तुमी शिकलेले मानसं. तुमी काहून खोटं सांगताल?" आणि पोरीकडं वळून, "पाया पड सरांच्या."

सपना वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. 'असू द्या, लेकरू आहे,' असंही म्हणालो — मोठ्या मनानं! ते आठवलं की माझ्या तोंडावर मीच थुंकावं असं वाटतं. तुम्ही म्हणाल, हेच ते असेल, लपवलेलं. नाही. यापुढचं आहे.

एप्रिलात परीक्षा आली. पेपर वरून येतो, त्यातलं उदाहरण गाळणं माझ्या हातात नव्हतं. चारशे आठ गुणिले तेरा. मधे शून्य. पोरं चौकटीतल्या नियमानं भराभर लिहीत होती. सपना जागेवरून उठून माझ्या टेबलाशी आली. अगदी हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, तिनं विचारलं:

"सर, बराबर लिहू का तुमी सांगितलं तसं लिहू?"

तोवर मी धरून चाललो होतो की माझं खोटं तिला पटलं. ते तिला एक दिवसही पटलेलं नव्हतं. पाया पडतानाही ती बरोबर होती, आणि तिला ते माहीत होतं. तीन महिन्यांत मी तिला एवढंच शिकवलं होतं की बरोबर उत्तर एक असतं आणि मोठ्या माणसाला द्यायचं उत्तर वेगळं असतं. आणि हे सगळं कळून ती माझी लाज राखायला हळू बोलत होती.

परीक्षेला बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं. केंद्रप्रमुख नव्हते, तिची आई नव्हती. घाबरावं असं त्या खोलीत कोण होतं? अठरा लेकरं आणि मी. 'बरोबर ते लिही' — तीन शब्द.

मी म्हणालो, "सांगितलं तसं लिही."

ती जागेवर गेली. रबरानं खोडलं, वरचा चुरा फुंकला आणि पाच हजार दोनशे चौऱ्याऐंशी लिहिलं. वीस कमी. संध्याकाळी पेपर तपासताना मी त्यावर बरोबरची खूण केली आणि तिला पैकीच्या पैकी गुण दिले.