उजव्या चाकाचं बेअरिंग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला — माझ्या दादाला — तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये.

कुठून सुरू करू? बोटीपासूनच करते.

आमचं गाव गंगापूर धरणाच्या पाण्याला लागून आहे. तिथे एका बागायतदारांची द्राक्षाची बाग आहे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. बागेच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची एक लहान मोटरबोट असायची, फायबरची, पाच-सहा माणसं बसतील एवढी. पाहुणे आले की अण्णा त्यांना पाण्यात फिरवून आणायचे. पण ती बोट सांभाळायचा तो माझा दादा. दादा दहावीनंतर शिकला नाही. म्हणजे — तो थांबला आणि मी पुढे गेले, असं झालं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं का? माहीत नाही.

पावसाळाभर बोट शेडमध्येच असायची. नवरात्र बसलं की दादा तिची वर्षाची कामं काढायचा. बोटीच्या मागे बसवलेल्या मशीनचं, म्हणजे इंजिनाचं, गिअर ऑइल बदलायचं; जुनं ऑइल दुधासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. प्लग घासायचे, पंख्याला गुंडाळलेली जाळ्याची नायलॉन दोरी कापून काढायची, पेट्रोलची कडक झालेली नळी बदलायची, मग मशीन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करून बघायचं. लोकांना वाटतं बोटीचं काम म्हणजे एवढंच. दादा म्हणायचा, "बोट पाण्यात बुडत नाय मने, रस्त्यावर बुडते."

कारण बोट ज्या ट्रेलरवर बसते, त्याची चाकं बोट उतरवताना दर खेपेला पाण्यात जातात. रस्त्याने तापून आलेलं चाक गार पाण्यात बुडलं की आतल्या बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. ग्रीस धुपतं, गंज धरतो. म्हणून वर्षातून एकदा चाकं उघडायची, बेअरिंगं डिझेलमध्ये धुवायची, उजेडात धरून बघायची आणि तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या मधून पलीकडे निघेपर्यंत दाबत राहायचं. हे काम माझं होतं, शाळेत असल्यापासून. मी बेअरिंग भरून द्यायचे, दादा ते बसवून नट आवळायचा. आधी घट्ट, मग किंचित मागे; घट्टच राहिला तर बेअरिंग तापून फुटतं. किती मागे, हे त्याच्या मनगटाला कळायचं. तो त्या वेळी डोळे मिटायचा. मी हसायचे.

त्या वर्षी मी नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला लागले होते. वर्गात मुली थोड्या, आणि ज्या होत्या त्या शहरातल्या. माझ्याशी कुणीच वाईट वागलं नाही, हे आधी सांगते. पण डबा खाताना मी नखं मुठीत लपवायचे. खंडेनवमीला त्यातल्या एकीच्या सोसायटीत गरबा होता आणि त्यांनी मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. "नक्की ये हं," असं दोनदा म्हणाल्या होत्या. तुम्हाला ही गोष्ट छोटी वाटेल. मला तेव्हा वाटत नव्हती.

त्या दिवशी दुपारी आम्ही ट्रेलरवर काम करत होतो. शेवटचं बेअरिंग राहिलं होतं, उजव्या चाकाचं, आतल्या बाजूचं. मी ते धुतलं, पुसलं, उजेडात धरलं. एका रोलरवर डाग होता. मसुराच्या डाळीएवढाही नसेल. नख फिरवलं तर नख अडकलं.

याचा अर्थ मला माहीत होता. दादानेच शिकवलेलं होतं — पुसला जातो तो डाग चालतो, नखाला लागतो तो चालत नाही, बेअरिंग फेकून द्यायचं. नवीन आणायचं तर सातपूरला जावं लागणार. पूजेसाठी दुकानं लवकर बंद होणार, म्हणजे आत्ताच निघायला हवं. आणि तिथून येऊन पुन्हा ग्रीसमध्ये हात. आणि माझी बस —

मी ग्रीस भरलं. डागावर जरा जास्तच भरलं.

"काय गं मने, डाग-बिग नाय ना?" दादाने चाकाआडून विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग आण इकडं, आणि हात धू जा. लिंबू कापून ठेवलंय तुला. आमची मॅडम गरब्याला चाललीय, डिझेलचा वास मारत नको जाऊ."

मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले — सांगितलं असतं तर काय झालं असतं? दादा स्वतःच मोटरसायकल काढून सातपूरला गेला असता. मला म्हणाला असता, तू जा. मग का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं, तर मला थांबावंसं वाटलं असतं. आणि मला थांबायचं नव्हतं. एवढंच आहे ते. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं.

निघण्याआधी घरी हत्यारांची पूजा झाली. दादाने सगळे पाने पुसून पाटावर मांडले, जॅक मांडला, हळद-कुंकू वाहिलं. "तुझं पुस्तक पण ठेव की, तुझं हत्यार तेच," म्हणाला. पान्यांच्या शेजारी माझं पुस्तक ठेवलं. आमच्याकडे पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कुणी उचलत नाही. उचललं तर आई रागावते. मला ते पाहून किती हलकं वाटलं, सांगू? आता चाक उघडताच येणार नाही, असं मी मनाशी म्हणाले. माझ्या खोट्यावर मी देवाचं झाकण ठेवलं. पण दसरा झाला, पाने मोकळे झाले, बोट तशीच शेडमध्ये उभी होती — तेव्हा कुणी हात धरला होता माझा? कुणीच नाही. तोवर मी विसरायला लागले होते.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णांकडे पाहुणे आले. त्यांना धरणाच्या दुसऱ्या टोकाला, गिरणाऱ्याच्या बाजूला बोट हवी होती. दादा पिकअपला ट्रेलर जोडून निघाला आणि मी हौसेने पुढे त्याच्या शेजारी बसले. उतारावर मागून करकर आवाज आला, मग आरशात धूर दिसला. दादाने ब्रेक दाबेपर्यंत उजवं चाक हबसकट निखळलं आणि आमच्या पुढे पळत जाऊन टोमॅटोच्या शेतात शिरलं. ट्रेलर एका अंगावर बसला, बोट बांधलेला पट्टा तुटला, बोट डांबरावर घसरली आणि तळाला लांबलचक फाटली. समोरून कुणी येत नव्हतं. कुणी येत असतं तर — हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

अण्णा मागच्या गाडीतून उतरले. पाहुण्यांसमोर म्हणाले, "वर्षातनं एकदा चाकं बघायची, तेवढं पण जमंना व्हय रे? माझी नातवंडं बसणार होती ह्या बोटीत!"

"हात चुकला, अण्णा," दादा म्हणाला.

अण्णा फोन करायला बाजूला गेले. दादा रस्त्यावर उकिडवा बसला. चिंधीत धरून त्याने बेअरिंगचे तुकडे गोळा केले. रोलर निळे पडले होते, फुटले होते. त्यांच्याकडे बघून आता काहीच कळण्यासारखं उरलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं. तेही तुम्हाला सांगायला हवं.

"मने, तू शिकतीस ना हे सगळं," तो वर न बघता म्हणाला. "माझ्याकडनं नट जास्त आवळला गेला का गं?"

मी त्याच्या शेजारीच उभी होते. वारा होता. मागे कुणीतरी पाहुणा फोटो काढत होता.

"असेल," मी म्हणाले.

पहिलं खोटं घाईतलं होतं, असं मी म्हणू शकले असते. हे घाईतलं नव्हतं. त्याने विचारलं, मी विचार केला आणि मग उत्तर दिलं.

अण्णांनी त्याला काढलं नाही. बोट दुरुस्त झाल्यावर स्वतः बोलवायला आले. दादाच गेला नाही. सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. खोकी भरायची, पट्टी मारायची, शिफ्ट संपली की घरी यायचं. स्वतःच्या मोटरसायकलची चेनसुद्धा तो गॅरेजवाल्याकडून आवळून घेतो. एकदा शेजारचे तात्या फवारणीचा पंप घेऊन आले. दादा नाही म्हणाला, तर तात्या म्हणाले, "लेका, बोटीचा डॉक्टर ना तू? आता नट बघून पळतो व्हय?" दादा हसला. "माझ्या हाताचा भरवसा नाय तात्या, तुमचा पंप उडायचा आभाळात." सगळे हसले. मीही हसले, हे आठवतंय.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. बेअरिंग कशामुळे निकामी होतं, हे तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं. मी सगळी कारणं सांगितली. गंजाचा खड्डा हे पहिलं सांगितलं. सर खूश झाले.

गेल्या महिन्यात दादाच्या कारखान्यातल्या साहेबांनी त्याला मेंटेनन्समध्ये येतोस का म्हणून विचारलं. कन्व्हेयरवरचं काहीतरी अडकलं होतं आणि काय बिघडलंय ते त्याने लांबूनच, नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. हात लावला नव्हता. साहेबांनी त्याला विचार करायला वेळ दिला. आम्हाला हे कळलं ते दादा नाही म्हणून आल्यावर. चपला काढत म्हणाला, "सांगून आलो, नको म्हणून. तिथं माणसं काम करतात मशीनवर. एखाद्याचा हात-बित गेला तर?" आई म्हणाली, तुझं तू बघ बाबा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. घरात मशीनमधलं कळणारी आता मीच, म्हणून असेल.

"बरं केलंस," मी म्हणाले, आणि त्याच्यासाठी चहा गाळला.

त्याने नट बरोबर आवळला होता. मी डाग पाहिला होता.