बेड तीनच्या आजीची भाकर

दुपारचे दोन. सुनीता सिस्टरच्या खांद्यावर पर्स, हातात डबा आणि मालेगावची बस सव्वादोनला. ती प्रकाश ब्रदरला हँडओव्हर देत होती. म्हणजे ड्यूटी संपवणाऱ्याने पुढच्याला पेशंटची खडान्‌खडा माहिती द्यायची. आमच्या वाशीमच्या आयसीयूत ही माहिती बसच्या टायमानुसार लहानमोठी होई.

"बेड तीन, कामरगावची आजी. सगळं ठीक. युरिन बी ठीक."

"हो, हो." प्रकाश लिहीत होता.

मी इन्चार्ज. 'ठीक' मला चालत नाही. ते कशात मोजायचे? मी मागून हळूच म्हटले, "आजीनं सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासंगं."

"हो, हो." गड्याने तेही लिहिले!

"प्रकाशभाऊ, आजीच्या नाकात नळी हाय. तोंडानं पाणी बी बंद. भाकर गेली कुठून?"

सुनीता फिस्सकन हसली.

"तू काहून हासून राह्यली? युरिन किती?"

"ठीक हाय ना, ताई. माही बस..."

"बस गेली तं दुसरी येते. आकडा सांग."

आकडा नव्हता. तिघे बेडपाशी गेलो. लघवीची पिशवी सकाळी आठला रिकामी केलेली. आता त्यात साठ मिली. आजीचे वजन पन्नास किलो. किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवा, म्हणजे सहा तासांचे दीडशे. हसू तिथेच आटले. पिशवीची नळी कुठे मुडपली नव्हती. बीपीही उतरत होते.

डॉक्टर धावत आले. तपासून सलाईन वाढवले, एक औषध बंद केले. "अजून एक शिफ्ट अशीच गेली असती, तर किडनी गेली असती," एवढेच बोलले. सुनीताची बस गेली, पण ती हलली नाही. रात्री आठपर्यंत पिशवीत आणखी दोनशे दहा मिली जमले, तेव्हा कुठे तिने डबा उचलला.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. घेणाऱ्याने सगळे आकडे परत म्हणून दाखवायचे. तोवर देणाऱ्याची पर्स घेणाऱ्याच्या ताब्यात.

चौथ्या दिवशी मीच सुनीताला हँडओव्हर देत होते. घरी पाहुणे यायचे होते.

"बेड तीन. आजी आता एकदम मस्त."

सुनीताने माझ्या खांद्यावरची पर्स काढली, कपाटात ठेवली, कुलूप लावले. "मस्त म्हंजे किती मिली, ताई?"

नियम चांगला की वाईट, हे तो आपल्यावर आला की कळते. मी चष्मा लावून पिशवीपाशी वाकले. चारशे दहा होते.