मीच सर्वोत्तम

दोहात तेव्हा वर्ल्ड कपची लगीनघाई चालली होती. बाबा लुसैलच्या स्टेडियमवर इंजिनीअर, त्यामुळे घरात जेवतानाही फुटबॉलच. बास्केटबॉलला कोण विचारतो! पण आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये ‘प्लेअर ऑफ द इयर’ व्हायचंच, हे माझं पहिल्या वर्षापासूनचं वेड.

तिथली रीत न्यारी. ज्यांची नावं पुढे येतील त्यांनी टीमसमोर उभं राहून ‘हे मला का मिळावं’ ते सांगायचं, मग बाकीच्या हात वर करून मत देणार. तिसऱ्या वर्षी मी उभी राहिले. आईने आधीच बजावलं होतं, “आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये गं, शोभत नाही.” म्हणून मी म्हणाले, “मी काहीच केलं नाही, सगळं श्रेय टीमचं.” आमच्या नाशिकला असं बोलले असते, तर चारजणी ‘छे गं, तूच!’ म्हणत धावल्या असत्या. इथे मुलींनी मान डोलावली आणि आमच्या उंच सुदानी मैत्रिणीला निवडलं. माझा शब्द त्यांनी चक्क खरा मानला! घरी येऊन मी आईवर असं तोंडसुख घेतलं की विचारू नका.

शेवटच्या वर्षी पुन्हा नाव आलं. आता नाही तर कधीच नाही. मी सरळ सांगून टाकलं, “बास्केट तुम्ही करता, पण बॉल तुमच्या हातात मी आणून देते. मॅच अडली की तुम्ही सगळ्या आधी मला शोधता. या वर्षी सर्वोत्तम मी आहे.”

ती सुदानीच हसत सुटली. “अगं, हे गेल्या वर्षीच का नाही बोललीस? यल्ला, चला, हात वर करा!” तिचाच हात पहिला होता. मागोमाग बाकीच्यांचे. मला रडू फुटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

ट्रॉफी घरी आली त्या संध्याकाळी आई नाशिकच्या मावशीशी फोनवर बोलत होती. “हो गं, मिळालंय काहीतरी. सगळ्यांनाच देतात.”

मी ताडकन उठले आणि फोन हिसकावला. “मावशी, सगळ्यांना नाही देत! एकीलाच देतात. मला दिलं!”

आईने डोळे वटारले. म्हटलं, आता आपली खैर नाही. तिने फोन काढून घेतला, कानाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “ऐकलंस ना? एकीलाच.”