खोटी खांड

रोडपालीच्या खाडीकाठी भातशेती करायची म्हणजे समुद्राशी कायमचं भांडण. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची तीन वर्षं तिथे गवतसुद्धा उगवत नाही. म्हणून गावात एक रिवाज होता. "खांड गेली!" अशी हाळी आली की घरटी एक माणूस भरल्या ताटावरून उठून, फावडं घेऊन बांधावर धावायचा. का, कुठे, कोणी विचारायचं नाही.

तुळशीराम तिथलाच शेतकरी, हाताला चिवट आणि डोक्याने तापट. आईबाप लवकर गेले, तेव्हा मोठा भाऊ धर्मराज आणि वहिनी सोनाबाई यांनीच त्याला वाढवलं.

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात जमिनी ताब्यात घेण्यासाठी सरकारी मोजणी आली, सोबत पोलिसांच्या दोन गाड्या. गाव खळ्यावर झोडणीत गुंतलेलं, अडवायला जेमतेम दहा माणसं. मोजणीची साखळी तुळशीरामच्या शेतात पडली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांध शाबूत होता. तरी तो सगळ्यांच्या नजरेआड बांधावर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "खांड गेली रे! खांड गेली!"

गाव धावलं. दोनशे माणसं, दोनशे फावडी. त्यांना वाटत होतं आपण पाणी अडवायला चाललोय, पोलिसांना वाटलं हे आपल्याला कापायला येतायत. लाठ्या सुरू झाल्या. कुणाचं मनगट मोडलं, कुणाचे दात पडले, तुळशीरामचं कपाळ फुटलं. मग फावडीही चालली. एका शिपायाचा कान नुसता कातडीवर लोंबत राहिला. आणि गोळी सुटली. धर्मराज सगळ्यांच्या पुढे होता, कारण तो बिचारा खांड शोधत होता. गोळी मानेत लागली. भावाच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने एवढंच विचारलं, "पानी कुठं हाय रे?"

तुळशीरामने त्याचे डोळे मिटवले. मग उठून लोकांना सांगितलं, "पोलीस बांध फोडत व्हते."

या एका खोट्यावर त्याचं नशीब उघडलं. नव्वदच्या निवडणुकीत कपाळाला पट्टी बांधलेलं त्याचं चित्र भिंतीभिंतीवर लागलं. कळंबोलीत विरोधकांनी सायकलच्या चेनने त्याच्या माणसांची पाठ सोलली, याच्या माणसांनी त्यांचे पाय मोडले, आणि तुळशीराम आमदार झाला. विधानसभेत "माझ्या भावाचं रक्त" म्हणताना त्याच्या डोळ्यांतून खरोखर पाणी यायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुढारी मी पुष्कळ पाहिले. हा खाताना रडायचा, एवढाच फरक.

ब्याण्णव साली पनवेलला गोळीबाराची चौकशी बसली. बांधाला कुणी हात लावला नव्हता, हे पंचनाम्यातच निघालं. मग खोटी हाळी दिली कोणी? नाव सिद्ध झालं असतं तर आमदारकी गेली असती, गेलेल्या जमिनींच्या बदल्यात गावासाठी त्याने लावून धरलेले भूखंडही लटकले असते. शिवाय खोटी हाळी देणाऱ्याचं घर गाव वाळीत टाकतं.

सोनाबाई साक्षीला उभी राहिली. तिचं खळं बांधाला लागून. दिराचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

"हाळी कोणी दिली?" वकिलाने विचारलं.

"माज्या नवऱ्यानं."

तुळशीराम अर्धवट उठला. मागून कार्यकर्त्याने सदरा ओढला, आणि तो बसला. उभ्या जन्मात खरं बोलायची तेवढी एक वेळ आली होती, तीही त्या नालायकाने घालवली.

बाहेर हार घेऊन माणसं उभी होती. त्यांच्यादेखत सोनाबाईने त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फाटला. दुसरी बसली तशी कार्यकर्ते धावले, त्याने हात करून थांबवलं.

"मार, वहिनी."

"तुला वाचवाया नाय बोलली मी," ती त्याच्या एकट्याच्याच कानावर जाईल असं म्हणाली. "गावाला जागा मिलाया पायजेत म्हनून बोलली. तुज्यापायी मानूस गेला, आता त्याचा नावपन गेला."

भूखंड मिळाले. पण ज्यांची हाडं मोडली होती त्यांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं. गावकी बसली आणि रिवाजाप्रमाणे धर्मराजाचं घर वाळीत पडलं. सोनाबाईकडे कोणी पाणी प्यायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही.

ठरावाचा कागद फिरला. पहिली सही आमदारसाहेबांची.