भाऊजींची भाषा

वाक्यरचनेवर माझ्या भाऊजींइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नसेल. थोरल्या ताईचे हे यजमान एका कंपनीत कॉम्प्युटरवर होते. बाकीचे प्रोग्राम लिहीत; भाऊजींनी इतरांचे प्रोग्राम वाचून ते बदलणारी एक वेगळी भाषाच तयार केली होती. ‘असं लिहिलेलं दिसलं तर त्याचं तसं कर’ एवढा नियम तिच्यात लिहिला, की हजारो ओळींचा जुना कोड नव्या वळणाचा होई. हुडको कॉलनीतल्या त्यांच्या घरी चहाला गेलं की ते आधी नियम समजावत, मग कप पुढे करत. तोवर चहाचं सरबत झालेलं असे.

“नुसता शब्द शोधून बदलला तर?” मी एकदा विचारलं.

“वाट लागन. ‘कर’ म्हणजे हात, का टॅक्स, का काम कर? तो वाक्यात कोण होऊन बसला, ते आधी पाह्य.”

जवळच्या कुम्हारी गावातल्या एका लग्नात तर पत्रिकेतल्या एका वाक्यावर बोट ठेवून ते थेट नवरदेवाच्या वडिलांकडेच गेले. “या वाक्याप्रमाणे लग्न तुमचंच लागून राहिलं,” म्हणाले. त्या घराने पुढे आम्हाला कधी बोलावलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, आणि शब्द जागचे हलले. पाणी हवं असलं की ‘खिडकी’ म्हणत. आपण चुकलो हे त्यांना लगेच कळे, तेच वाईट होतं. ती भाषा ऑफिसात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती, म्हणून दोन इंजिनियर लॅपटॉप घेऊन घरी आले. भाऊजींनी पडद्यावरच्या एका कंसावर डावं बोट टेकवलं आणि तीनदा म्हणाले, “जामुल.” ते तर जवळच्या एका गावाचं नाव.

“सर, समझ नहीं आया,” एकजण हळूच म्हणाला. भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कंपनीने ती भाषा बंद केली. ताईने हे त्यांना सांगितलेलं नाही.

परवा संध्याकाळी गेलो, तेव्हा दोघं गच्चीवर होते. मला पाहून भाऊजी म्हणाले, “मीठ.”

“बस म्हणतात तुले,” ताई म्हणाली.

बसलो. स्टील प्लांटकडचं आभाळ लाल झालं होतं. तिकडे पाहत ते बराच वेळ काहीतरी सांगत राहिले, अगदी मन लावून. मी ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही कळलं नव्हतं. मग त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करत ती म्हणाली, “हो.”