दांडीची सायकल

आमच्या भागात नर्सबाईबद्दल एक बोलणं ठरलेलं होतं, हिवाळा लागला की बाई दांडी मारते. माझ्याआधीच्या दोघींनी मारली असेलही. पण मी सानगडीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले ती नाकावर राग घेऊनच. त्यात नोकरी तात्पुरती. डॉक्टरसाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, कालव्याच्या पाटापलीकडच्या टोलीतल्या, त्या लहानशा वस्तीतल्या, लेकरांना लसीचे तिन्ही डोस झाले तर ऑर्डर वाढेल, नाहीतर घरी.

तीन डोस म्हणजे तीन फेऱ्या, आणि सगळ्या ऐन धान कापणी-मळणीच्या दिवसांत. टोलीतली माणसं उजाडलं की लेकरं काखेत मारून धानाच्या बांधीत जायची. ती निघायच्या आधी पोचणं भाग होतं.

पहिल्या खेपेला शाळेतल्या बाईंची लेडीज सायकल मागून नेली. सडक पाटापर्यंतच. पुढे दोन बांध्यांमधला वीतभर रुंदीचा धुरा, मातीचा बांध; सायकल पाटावर सोडावी तर चोरीची भीती, म्हणून ती खांद्यावर घेऊनच चालायचं. आता लेडीज सायकल खांद्यावर अडकवणार कशाने? दांडीच नाही! छातीशी कवटाळून नेली. दवानं धुरा ओला, दोनदा आपटले. पोचले तर टोली रिकामी. एक म्हातारी तेवढी ऊन खात बसली होती. ती म्हणाली, "मारली ना व बाई दांडी?"

अस्सा संताप आला! कोपर फुटलेलं, थर्मासात लस तशीच, आणि वर हे ऐकायचं. डॉक्टरसाहेबांनी आठ दिवस दिले.

रविवारी साकोलीच्या बाजारातलं सायकलचं दुकान गाठलं. तेव्हा आधी फ्रेम पसंत करायची, मग दुकानदार चाकं-हँडल कसून द्यायचा. तो म्हणाला, "लेडीज घ्या ना जी. साडी हाय तुमची."

मी लेडीज फ्रेम उचलली, ती घसरून कोपरावर आली. चोवीस इंची मजबूत होती, पण दारात तिची बांधलेली सायकल उभी होती, तिच्यावरून टांग टाकून पाहिली तर पाय जमिनीला टेकेनात. मग काळी बावीस इंची फ्रेम खांद्यावर घेतली. दांडी कावडीसारखी नीट बसली. तशीच दुकानात दोन चकरा मारल्या. शेजारी चहा प्यायला आलेले लोक पाहतच राहिले.

"हीच बांधा."

"बाई, थे जेन्टची हाय."

"जेन्टचं नाव लिहिलं हाय काय तिच्यावर?"

लहानपणी बापाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची शिकले होते, त्यामुळे भीती नव्हती. प्रश्न साडीचा. आई धानाच्या रोवणीला लुगड्याचा कासोटा घालायची, तसाच मी ड्युटीच्या पांढऱ्या साडीचा घातला. पाचवारी ती, पोटरीवरच संपायची. संपू दे! बाजारात एकजण ओरडला, "पाहा रे, बाई दांडीवर टांग टाकून राहिली!"

"टांग माझी, सायकल माझी. तुझ्या पोटात काहून दुखून राहिलं?"

एवढं बोलून मी पॅडल मारलं. धुक्यात हँडलवरची बोटं लाकूड व्हायची, तोंडातून वाफ निघायची, पण पाट आला की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि धुरा धरायचा. चुली पेटायच्या आत मी टोलीत हजर. पहिला डोस झाला, महिन्यानं दुसरा.

तिसऱ्या फेरीला धुकं इतकं होतं की टोली दिसत नव्हती. मी धुऱ्यावर होते, खांद्यावर सायकल, पायाखाली चिखल. पलीकडून त्याच म्हातारीचा आवाज आला. सुनांना हाका मारत होती, "उठा व, लेकरं काढा भाईर! आपली बाई आली. थे दांडी मारत नाही, दांडी खांद्यावर घेऊन येते!"

ऑर्डर वाढली, पुढे कायमही झाले. पण नोकरी पक्की झाली ती त्या सकाळी, धुऱ्यावरच. उजव्या खांद्यावर अजून घट्टा आहे. सून म्हणते, आई, मलम लावा, जाईल.

कायले जाऊ देऊ?